विंडोजशेजारी लिनक्स टाकलं आणि घड्याळ साडेपाच तास चुकायला लागलं? आधी सेल बदलू नका

१ डिसेंबरला पहाटे आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाच बिलं काढली. पाचही बिलांवर तारीख पडली ३० नोव्हेंबर. आण्णांच्या ते लक्षात आलं नाही. माल ट्रान्सपोर्टला गेला, बिल्टी १ डिसेंबरची झाली, आणि आठवड्यानं सीएच्या ऑफिसातल्या मुलाचा मला फोन आला, "ताई, तीस तारखेला रविवार होता. रविवारी पाच बिलं कशी?" अकरा तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा रिटर्न, भरायचा असतो. पाच बिलं नोव्हेंबरची धरायची की डिसेंबरची, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. दिवाळीपासून त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडत होतं. आम्ही नीट करायचो, दोन दिवस बरं चालायचं, परत बिघडायचं. तीन सेल बदलून झाले. शेवटी कारण सापडलं ते सेलच्या आसपासही नव्हतं. ज्यांनी अलीकडे जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी दुसरी यंत्रणा) टाकलंय, त्यांच्या घरी हे होऊ शकतं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

आधी घरचा मामला सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माहेर सोलापुरात, साखर पेठेत. आण्णांचा टॉवेल-नॅपकिनचा छोटा व्यापार, घराच्या पुढच्या खोलीतूनच चालतो. कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा. मध्ये एसएसडी टाकून घेतला, त्यामुळे वेग अजून चांगला आहे. पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. त्याला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत अपडेटचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालू मशीन भंगारात घालायचं माझ्या जिवावर आलं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यावर लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. पण आण्णांचं बिलांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि पंधरा वर्षांची सवय मोडायची म्हणजे वडिलांना नवीन गावात नेऊन सोडण्यासारखं. म्हणून दोन्ही ठेवलं. चालू करताना यादी येते, पहाटे आण्णा विंडोज निवडतात, संध्याकाळी भाची अभ्यासाला मिंट निवडते. एका घरात दोन बिऱ्हाडं, म्हणाना.

पहिल्या आठवड्यात आण्णांची तक्रार आली, "घड्याळ मागं पडायलंय." मी म्हटलं, नेट लावा, आपोआप होईल. झालं. चार दिवसांनी परत तेच. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कॅबिनेट उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "सेल गेलाय बगा." मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान असा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. त्यानं नवा टाकला, वेळ लावली, पैसे घेतले. दोन दिवस ठीक. परत मागं. "हा सेल डुप्लिकेट निघाला," म्हणून दुसरा. मग तिसरा. तिसऱ्या वेळी त्याचा रोख मदरबोर्डकडे वळला, तेव्हा मात्र मी म्हटलं, थांबा, मीच येते.

दुरुस्तीवाल्याला बोल लावत नाही. घड्याळ चुकतं म्हटल्यावर दहातले नऊ जण सेलच म्हणणार, आणि जुन्या मशीनवर बहुतेकदा ते खरंही असतं. पण सेल गेल्याची लक्षणं वेगळी असतात. सेल मेला की कॉम्प्युटर चालू करताना तारीख एकदम काही वर्षं मागं जाते, बोर्ड तयार झाला त्या सालापर्यंतसुद्धा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, केलेले बदल पुसले जातात, आणि काळ्या पडद्यावर सीमॉसबद्दल इंग्रजीत काहीतरी कुरकुर करून एफ-१ दाबायला सांगतात. यातलं एकही आमच्याकडे होत नव्हतं. मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. चांगला सेल तीन व्होल्टच्या आसपास किंवा जरा वर दाखवतो, पावणेतीनच्या खाली गेला असेल तर बदला. आमचे तिन्ही "गेलेले" सेल मी नंतर मोजले. तिन्ही ठणठणीत.

मी एक गोष्ट केली, तीच खरी उपयोगी पडली. आण्णांना म्हटलं, घड्याळ दुरुस्त करायच्या आधी कॉम्प्युटरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. कॉम्प्युटर कुणी, कशात, किती वाजता वापरला, आणि नेट होतं की नव्हतं, तेही लिहा. व्यापारी माणूस, नोंदी ठेवण्यात तरबेज. पाच दिवसांत कागद असा झाला:

मंगळवारी रात्री भाचीनं मिंट वापरलं, वायफाय चालू. बुधवारी पहाटे मोबाइलवर ५:१०, विंडोजमध्ये ११:४०, मंगळवार. आण्णांनी हातानं वेळ लावली. बुधवारी मिंट कुणी वापरलं नाही. गुरुवारी पहाटे विंडोज बरोबर. गुरुवारी गल्लीत खोदकाम, इंटरनेटची वायर तुटली. संध्याकाळी भाचीनं मिंट लावलं, मोबाइलवर ७:०५, मिंटमध्ये रात्रीचे १२:३५, तारीख शुक्रवारची. शुक्रवारी पहाटे विंडोज बरोबर. शुक्रवारी वायर जोडली, रात्री मिंट, वायफाय चालू. मिंटमध्ये वेळ बरोबर. शनिवारी पहाटे विंडोज परत मागं.

कागद पुढ्यात घेऊन बसले आणि वजाबाक्या केल्या. मागं असो की पुढं, फरक दरवेळी साडेपाच तासांचा. पाच तास अठ्ठावीस मिनिटं नाही, पाच तास पस्तीस नाही. मरायला टेकलेला सेल इतका शिस्तीत चुकत नाही. आणि साडेपाच तास हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेपेक्षा तेवढीच पुढं असते.

आता कारण. मदरबोर्डवरच्या घड्याळात फक्त आकडे असतात: साल, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद. ते आकडे कुठल्या गावचे, हे त्या चिपमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. विंडोज ते वाचताना धरून चालतं की ही इथली, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आहे. लिनक्स धरून चालतं की ही ग्रिनिचची वेळ आहे, आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. दोघंही आपापल्या घरी बरोबर. एका छपराखाली आणले की भांडण.

मिंटला नेट मिळालं की ते इंटरनेटवरून खरी वेळ घेतं आणि मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचचे आकडे लिहून ठेवतं. सकाळी विंडोज तेच आकडे सोलापूरचे समजून वाचतं, म्हणून साडेपाच तास मागं. आण्णा वेळ हातानं लावतात तेव्हा विंडोज घड्याळात सोलापूरचे आकडे लिहितं. मग मिंट ते ग्रिनिचचे समजून त्यात साडेपाच तास मिळवतं, म्हणून पुढं. पण नेट असेल तर काही क्षणांत स्वतःला सुधारतं आणि जाता जाता घड्याळ परत ग्रिनिचवर नेऊन ठेवतं. गुरुवारी नेट नव्हतं, म्हणून मिंट स्वतः चुकलं, पण विंडोजचं काही बिघडवलं नाही. "कधी होतं, कधी होत नाही" याचा उलगडा हा एवढाच. आणि विंडोज प्रत्येक वेळी चालू होताच इंटरनेटला वेळ विचारत बसत नाही, त्यामुळे पहाटेची चूक तासन्‌तास तशीच राहते.

दिवसा कामं करणाऱ्यांना हे महिनोन्‌महिने कळतही नाही. दुपारी दोन वाजता विंडोज सकाळचे साडेआठ दाखवेल, पण तारीख तीच राहील. तारीख चुकते ती मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच. आमच्या आण्णांची बिलं काढायची वेळ नेमकी तीच. मे महिन्यात दुपारी पुढच्या खोलीत बसवत नाही म्हणून त्यांनी पहाटेची सवय लावून घेतली, ती थंडीतही सुटली नाही.

आण्णांना समजावताना मला पंचांग कामी आलं. दाते पंचांग आमच्या सोलापुरातूनच निघतं, शंभराहून जास्त वर्षं, आणि आण्णांच्या घरी ते कॅलेंडरच्या आधी येतं. पंचांगातला सूर्योदय एका गावचा असतो, दुसऱ्या गावाला मिनिटांचा फरक करून घ्यावा लागतो, हे त्यांना शाळेपासून माहीत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. सोलापूर त्याच्या साडेसहा अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे २६ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. मी म्हटलं, "आण्णा, समजा कुणी नुसतं 'सूर्योदय ६:४०' असं लिहून ठेवलं, गाव लिहिलं नाही. तुम्ही सोलापूरचा समजाल, दुसरा काशीचा समजेल. आकड्यात चूक नाही, गाव लिहायचं राहिलंय." आण्णा म्हणाले, "मग लिवा की गाव. तीन सेल कशाला आणले?"

विंडोज असं का वागतं, याचं मूळ जुनं आहे. १९८१ चा आयबीएमचा पहिला पीसी चालू केला की दरवेळी तारीख-वेळ विचारायचा, त्यात बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ते आलं. डॉसला वेगवेगळ्या देशांच्या वेळा ही भानगडच ठाऊक नव्हती, समोरचं घड्याळ बघून वेळ लावायची, झालं. विंडोजनं तोच वारसा पुढं चालवला. लिनक्सचं कूळ युनिक्सचं. ते १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजत आलंय. दोन घराण्यांच्या दोन रीती.

निदान पक्कं करायचं असेल तर पंच म्हणून बायोसला बोलवा. कॉम्प्युटर चालू करताना एफ-२ किंवा डिलीट दाबत राहिलं की तो निळा-करडा पडदा येतो. बायोस कुठल्याच गावचा हिशोब करत नाही, चिपमध्ये जे आकडे आहेत तेच दाखवतो. मिंट वापरून बंद केल्यावर लगेच बायोसमध्ये गेलात आणि तिथं मोबाइलपेक्षा साडेपाच तास मागं दिसलं, की निकाल लागला. सेल बदलायचा नाही, मदरबोर्डला हात लावायचा नाही.

उपाय दोन आहेत. एक लिनक्सच्या बाजूनं, एक विंडोजच्या बाजूनं. दोन्हींतला एकच करायचा. हे बजावून का सांगितलं ते पुढं सांगते.

लिनक्सच्या बाजूनं करायचं म्हणजे मिंटला सांगायचं की बाबा, मदरबोर्डचं घड्याळ इथल्या वेळेचं समज. एका ओळीची आज्ञा आहे. मी जुळे सोलापुरात राहते, कामावरून निघून साखर पेठेत पोचेपर्यंत आण्णांना धीर नव्हता, म्हणून ती फोनवरच सांगितली. जशी सांगितली तशीच लिहिते, कारण बटणाबटणानं सांगितलेलं जास्त कळतं.

"मिंट लावलंय ना? वायफाय आहे? कोपऱ्यातली वेळ मोबाइलशी जुळते का बघा आधी." जुळत होती. हे महत्त्वाचं आहे. मिंट बरोबर वेळ दाखवत असतानाच ही आज्ञा द्यायची, कारण त्याच वेळेवरून ते मदरबोर्डचं घड्याळ लावून घेतं.

"आता कंट्रोल, आल्ट आणि टी, तिन्ही एकदम."

"काळी खिडकी आली."

"इंग्रजीत लिहा. टाइम, डेट, आणि पुढं सी-टी-एल. सगळं जोडून, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा सोडायची नाही."

"टाइमचं स्पेलिंग टी-आय-एम-ई ना गं?"

"हो. मग एक स्पेस. लांब बटण. मग सेट. आडवी रेघ, शून्याच्या उजवीकडं आहे ती. लोकल. परत आडवी रेघ. आर-टी-सी. परत स्पेस. आणि आकडा एक. आता एंटर."

छोटी खिडकी आली, पासवर्ड विचारला, आण्णांनी दिला. मग बराच वेळ शांतता.

"काहीच झालं नाही की."

"काही झालं नाही म्हणजेच झालं, आण्णा."

खात्री करायला तोच पहिला शब्द, टाइमडेटसीटीएल, एकटाच लिहून एंटर मारायचा. सात-आठ ओळी येतात. त्यात लोकल टाइम आणि आरटीसी टाइम (आरटीसी म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ) या दोन ओळी बघा. आधी त्यांच्यात साडेपाच तासांचा फरक दिसायचा, आता दोन्ही सारख्या हव्यात. शेवटी आरटीसी इन लोकल टीझेड या ओळीपुढं येस हवं. खाली एक लांबलचक इशाराही येतो, की ही पद्धत पूर्णपणे पेलता येत नाही, टाळलेली बरी, वगैरे. तो बघून आण्णांचा परत फोन आला. तो इशारा प्रामुख्यानं अशा देशांसाठी आहे जिथं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं नेतात आणि हिवाळ्यात मागं आणतात. तिथं विंडोज आणि लिनक्स दोघंही तो तास आपापला फिरवायला जातात आणि गोंधळ होतो. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षं घड्याळ एक तास पुढं नेलेलं होतं, आता तसलं काही नाही. म्हणून भारतात हा उपाय बिनघोर करावा असं माझं मत आहे. लिनक्सवाली पंडित मंडळी नाक मुरडतात, मुरडू देत.

विंडोजच्या बाजूनं करायचं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या वहीत, जावं लागतं. स्टार्टमध्ये रेजएडिट लिहायचं, उघडायचं, आणि एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन असं आत आत उतरत जायचं. तिथं उजवीकडं राइट क्लिक करून ३२ बिटची नवी डीवर्ड नोंद करायची. नाव रिअल टाइम इज युनिव्हर्सल, चारही शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. किंमत १. कॉम्प्युटर परत चालू करायचा. आता विंडोजही घड्याळातले आकडे ग्रिनिचचे समजेल. चालतं हेही. पण जिथं हिशोबाचं काम आहे त्या विंडोजच्या पोटात मी हात घालायला नको म्हणते. रजिस्ट्रीत शेजारची दुसरी नोंद चुकून पुसली तर ती शोधत कुठं बसायचं?

आता दोन्ही का नाही ते. मी मिंटच्या बाजूनं केलं, आठ दिवस सगळं सुरळीत. मग भाचा पुण्याहून शनिवार-रविवारला आला, त्याला आण्णांनी कौतुकानं साडेपाच तासांची गोष्ट सांगितली, आणि त्यानं मोबाइलवर शोधून, मला न विचारता, विंडोजची रजिस्ट्री बदलून टाकली. "आत्या, मी पण फिक्स केलं!" झालं ना. आता विंडोज ग्रिनिच समजायला लागलं आणि मिंट सोलापूर. भूमिका बदलल्या, भांडण कायम. फक्त या वेळी विंडोज साडेपाच तास *पुढं* गेलं. संध्याकाळी सातला आण्णांनी एक तातडीचं बिल काढलं, त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख. आधी आम्ही कालची बिलं काढत होतो, आता उद्याची.

यातून एक सोपी खूण हाती लागली. विंडोज साडेपाच तास मागं असेल, तर बहुधा अजून कुठलाच उपाय झालेला नाही. विंडोज साडेपाच तास पुढं असेल, तर बहुधा कुणीतरी दोन्ही उपाय केलेत. मग एक काढून टाका. रजिस्ट्रीतली नोंद पुसा, किंवा मिंटमध्ये तीच आज्ञा शेवटी एकऐवजी शून्य लिहून द्या. एकच काढायचा, हे परत सांगायला हवं का? भाच्याला सांगावं लागलं.

फरक साडेपाच तासांचा नसेल तर ही सगळी कहाणी तुमची नाही. साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल तर विंडोज नवीन टाकताना वेळेचा पट्टा (टाइम झोन) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेलाय. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम, आणि तिथं चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ निवडा. मिंटमध्ये नकाशावर फक्त कोलकाता मिळतं, सोलापूर शोधत बसू नका, अख्ख्या भारताला तेच. फरक रोज थोडा थोडा वाढत असेल, आज दोन मिनिटं, पुढच्या आठवड्यात दहा, तर सेल किंवा बोर्डवरचा स्फटिक बघायला हरकत नाही. एक मात्र करू नका. वेळ जुळवायला म्हणून विंडोजचा पट्टाच भलत्या देशाचा करून ठेवायचा. आमच्या ओळखीच्या एकांनी तसं केलं, कोपऱ्यातली वेळ बरोबर दिसायला लागली, आणि पुढं विंडोजनं इंटरनेटवरून खरी वेळ घेतली त्या दिवशी सगळं परत कोलमडलं.

उपाय केल्यावरही एकदा घड्याळ हललं, तेही सांगते. भाच्यानंच (दुसरं कोण) पेनड्राइव्हवरून दुसरं एक लिनक्स नुसतं बघायला म्हणून चालवलं, वायफाय लावून. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सला आपण मिंटमध्ये काय बदललंय ते माहीत नसतं. त्यानं आपल्या रीतीप्रमाणे मदरबोर्डवर ग्रिनिचची वेळ लिहिली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी विंडोज मागं. घाबरू नका, एकदा विंडोजमध्ये डेट अँड टाइममध्ये जाऊन सिंक नाऊ दाबलं की बसतं, आणि तसंच टिकतं.

घड्याळाच्याच जोडीनं येणारी दुसरी तक्रार थोडक्यात. मिंटमधून विंडोजच्या डी ड्राइव्हवर काही साठवायला गेलं की कधी साठतं, कधी "फक्त वाचता येईल" म्हणून नकार. भाचीच्या प्रोजेक्टची फाइल यात दोनदा अडकली. कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शट डाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोप घेतं, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. ड्राइव्हची कडी त्यानं आतून तशीच लावून ठेवलेली असते. लिनक्स ते ओळखतं आणि जबरदस्तीनं आत शिरत नाही, बाहेरून वाचू देतं इतकंच. शहाणपणाचंच आहे ते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडं चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, मग वरची सध्या बंद असलेली सेटिंग्ज बदलायची निळी ओळ दाबा आणि टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. तोवर घाईच असेल तर विंडोजमधून शट डाऊनऐवजी रीस्टार्ट करून मिंटमध्ये जा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. एसएसडी असताना फास्ट स्टार्टअपनं वाचतात ते मोजके सेकंद, त्यासाठी एवढा व्याप कशाला? मोठं अपडेट आलं की ती खूण परत आली नाही ना, एवढं बघत जा.

त्या पाच बिलांचं म्हणाल तर रिटर्न अजून भरायचा होता, म्हणून निभावलं. ती रद्द करून नव्या नंबरांनी १ डिसेंबरच्या तारखेत काढली, पाचही गिऱ्हाइकांना फोन करून जुनी फाडायला सांगितली. हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं तेलुगूत काहीतरी ऐकवलं. आण्णांना तेलुगू चांगलं कळतं, पण त्यांनी मला अर्थ सांगितला नाही.

पेनड्राइव्हच्या प्रकारानंतर महिना होऊन गेला, घड्याळ हललेलं नाही. तरी आण्णा पहाटे पहिल्या बिलाआधी मोबाइल शेजारी ठेवून दोन्ही वेळा बघतात आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं टिक करतात. काढलेल्या तीन सेलांपैकी एक आईच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात बसलाय. शेंगाचटणीचे दाणे त्यावर तोलले जातात, काटा ग्रॅमभरही इकडं तिकडं होत नाही. उरलेले दोन काड्यापेटीत घालून ठेवलेत.